पाटीवरची नावं

परवा शनिवारी एका मित्राबरोबर फ्लोरा फाउंटनला पुस्तकं बघत हिंडत होतो. महात्मा गांधी रोडवरच्या एका इमारतीपाशी थांबून मी त्याला सांगितलं, की इथे एक जुनी फर्म आहे. नाव : मुल्ला अँड मुल्ला अँड क्रेगी ब्लंट अँड कॅरो. तो म्हणाला, "हे सॉलिसिटरांचं नाव आहे की मर्ज कॉन्फ्लिक्ट?" :)

हसलो खरा, पण त्याचं बरोबरच होतं. ते नाव म्हणजे मर्जच आहे. दिनशा मुल्लांनी १८९५ मध्ये भावाबरोबर ही फर्म काढली. पुढे क्रेगी, ब्लंट आणि कॅरो ही गोऱ्या साहेबांच्या नावाची फर्म तिच्यात मिसळली. साहेब गेले, नावं राहिली. आपण जुन्या कोडमधली फंक्शनची नावं बदलायला घाबरतो, तसंच काहीसं.

या दिनशांची गोष्ट मला फार आवडते. हा पारशी माणूस. पण हिंदू कायद्यावरचं आणि मुसलमानी कायद्यावरचं, दोन्ही प्रमाण पुस्तकं त्याची. दिवाणी प्रक्रिया संहितेवरचं भाष्यही त्याचंच. १८७२ च्या करार कायद्यावर त्याने इंग्लंडच्या फ्रेडरिक पोलॉकबरोबर लिहिलं. १९३० मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायिक समितीवर नेमणूक झाली, १९३४ मध्ये वारला. आजही वकिलाच्या कपाटात 'मुल्ला' असतोच. नव्या आवृत्त्या दुसरे लोक काढतात, नाव त्याचंच.

आणि फोर्टात ही फर्म सगळ्यात जुनी नाही बरं का. क्रॉफर्ड बेली १८३० पासूनची, लिटल अँड कंपनी १८५६ ची. मुंबई हायकोर्ट सुरू झालं १८६२ मध्ये, म्हणजे या दोघी कोर्टापेक्षाही थोरल्या!

सॉलिसिटरला एवढं महत्त्व का, तर मुंबई शहराच्या मूळ शाखेच्या दाव्यांत वकिली दोन भागांत वाटलेली होती. अशिलाला थेट बॅरिस्टरकडे जाता येत नसे. आधी सॉलिसिटर. तो कागद जमवणार, साक्षीपुरावा लावणार, ब्रीफ बांधणार, आणि मग बॅरिस्टर कोर्टात उभा राहून बोलणार. एक बॅक एंड, एक फ्रंट एंड म्हणा ना. टाळ्या कोणाला मिळतात हे तुम्हाला माहीत आहेच. १९७६ च्या दुरुस्तीने ही सक्तीची वाटणी गेली. पण बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची सॉलिसिटरची परीक्षा मुंबईत अजून देतात, आणि त्याआधी एखाद्या फर्ममध्ये उमेदवारी करावी लागते.

आता माझा या सगळ्याशी काय संबंध? तर माझे आजोबा. फोर्टातल्या अशाच एका फर्ममध्ये ते चौतीस वर्षं कारकून होते. नाव सांगत नाही, ती फर्म आता उरलेलीही नाही. गिरगावातून रोज चालत जायचे. घर, गिरणी, ट्रस्ट, मृत्युपत्र, गहाणखत, कशाचेही कागद आले की ते आजोबांच्या हाताखालून जायचे. कुठल्या मिळकतीचं मूळ खरेदीखत कुठल्या पेटीत आहे हे त्यांना तोंडपाठ. भागीदार बदलले, पाटी दोनदा रंगवली. आजोबा तिथेच.

आई सांगते, की ते रिटायर झाल्यावरही वर्षभर फर्मचा शिपाई घरी यायचा. "नाना, साहेबांनी विचारलंय, अमुक कागद कुठे असेल?" नाना डोळे मिटायचे आणि सांगायचे, डावीकडचं तिसरं कपाट, खालचा खण. आईला याचा अभिमान वाटतो. मलाही वाटायचा. आता जरा राग येतो. चौतीस वर्षांत ते सगळं एका वहीत उतरवून घ्यावं असं कोणालाच कसं सुचलं नाही?

राग येण्याचं कारण वेगळंच आहे. मागच्या महिन्यात आमच्या ऑफिसात कपात झाली. आमच्या टीममधला सगळ्यात जुना माणूस त्यात गेला. नॉलेज ट्रान्सफरला दोन दिवस. मी वही घेऊन त्याच्याशेजारी बसलो आणि पहिल्या तासातच कळलं, की काय विचारायचं हेच मला माहीत नाही. सोमवारी बिल्ड मोडला. त्याला फोन करायची लाज वाटली, तरी केला. त्याने उचलला आणि सांगितलं. अगदी नानांसारखं.

शे-दीडशे वर्षं टिकलेल्या फर्मबद्दल वाचताना आपण पाटीवरची नावं वाचतो. टिकवणारे बहुतेक आत, कपाटांपाशी असतात.

असो. या सोमवारपासून मी वही लिहायला घेतली आहे. पहिल्या पानावर त्याचं नाव घातलंय.