प्रवेशाचें दार आणि मुलाचें माप

बारावीचा निकाल लागला कीं नांदेड व लातूर या शहरांतील पांढरपेशा घरांत एकच प्रश्न ऐकूं येतो: "याला कोठें मिळेल?" विचारणारा बाप बहुधा शिक्षक, कारकून, वकील किंवा शेतीवर पोट भरून मुलाला शहरांत ठेवणारा गृहस्थ असतो. उत्तर देणारा प्राध्यापक, शेजारी किंवा दूरचा मामा मुलाच्या गुणांवर नजर टाकतो आणि वैद्यानें नाडी पाहून निदान सांगावें तशा गंभीरपणें पवई, नागपूर, पुणें, नांदेड अशीं नांवें उतरत्या क्रमानें उच्चारतो. या सर्व संभाषणांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते. ती ही कीं, प्रवेश मिळणें वा न मिळणें हा सर्वस्वीं त्या मुलाच्या बुद्धीचा व श्रमाचा निकाल होय. हें गृहीत कितपत खरें आहे हें इतिहासाच्या साह्यानें तपासून पाहावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. प्रवेशाला दोन बाजू असतात: आंत जाऊं पाहणारा मुलगा ही एक, आणि दार ही दुसरी. मुलाचें माप घेण्याची कला आपण पुष्कळ वाढविली. दाराचें माप घ्यावयाचें मात्र राहून जातें. मराठवाड्यांत तर गेल्या शंभर वर्षांत मुलांपेक्षां दारेंच अधिक बदललीं आहेत.

मराठी मुलखांतील इंजिनियरिंगचें जुनें दार मराठवाड्याच्या सरहद्दीबाहेर होतें. सार्वजनिक बांधकाम खात्यास लागणारे दुय्यम अधिकारी तयार करण्यासाठीं पुण्यास १८५४ सालीं एक वर्ग निघाला. त्याचेंच पुढें मुंबई विद्यापीठाशीं संलग्न असें कॉलेज झालें, आणि १८८३ सालीं मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या तेथूनच उत्तीर्ण होऊन बाहेर पडले. १९०८ सालीं मुसा नदीच्या महापुरानें हैदराबाद शहराची वाताहत केली, तेव्हां पूरनियंत्रणाची योजना आखण्यासाठीं निजाम सरकारनें पुण्याच्या याच पदवीधरास पाचारण केलें. परंतु नांदेडच्या किंवा लातुरच्या मुलास पुणें हें परक्या राज्यांतील गांव होतें. अंतर, खर्च, इंग्रजी व निराळी मॅट्रिक परीक्षा अशा चार भिंती मध्यें उभ्या होत्या.

हैदराबाद संस्थानांत उस्मानिया विद्यापीठ १९१८ सालीं स्थापन झालें आणि त्याचें इंजिनियरिंग कॉलेज १९२९ सालीं निघालें. येथें न्यायबुद्धीनें एक गोष्ट मान्य केली पाहिजे. उच्च शिक्षण, अगदीं शास्त्रीय विषयांचें सुद्धां, हिंदी भाषेच्या भगिनीभाषेंत म्हणजे उर्दूंत देण्याचा हा प्रयोग त्या काळीं धाडसाचा होता. त्यासाठीं भाषांतराचें स्वतंत्र खातें उभारून ग्रंथ तयार करण्यांत आले. उर्वरित हिंदुस्थानांत जी गोष्ट अशक्य म्हणून सोडून दिली जात होती, ती हैदराबादेनें करून दाखविली. पण ज्या प्रजेची भाषा मराठी, तेलुगु वा कानडी होती, तिच्या दृष्टीनें इंग्रजीच्या जागीं दुसरी एक परभाषा आली, एवढाच फरक पडला. ज्यास इंग्रजीच हवी, त्याला मद्रास विद्यापीठास जोडलेलें निजाम कॉलेज होतें. पण तेंहि हैदराबादेसच. वेरूळ-अजिंठ्याचा हा प्रदेश कोरीव कामासाठीं जगांत प्रसिद्ध; परंतु येथील मुलाला पूल कसा बांधावा हें शिकावयाचें तर प्रथम भाषा बदलावी लागे.

मराठी माध्यमाच्या शाळा हिप्परग्यासारख्या खेड्यांत व अंबाजोगाईसारख्या लहान गांवांत लोकांनीं पदरमोड करून चालविल्या. स्वामी रामानंद तीर्थ हे राजकारणांत येण्यापूर्वीं या दोन्ही ठिकाणीं शिक्षक होते, हें पुष्कळांस ठाऊक असतें. त्या शाळांतून बाहेर पडणाऱ्या हुशार मुलापुढें कॉलेजचें दार किती अरुंद होतें, हें मात्र फारसें कोणी सांगत नाहीं. १९३८ सालीं 'वंदे मातरम्' म्हटल्यामुळें उस्मानियांतून विद्यार्थी काढून टाकण्यांत आले, तेव्हां नागपूर विद्यापीठानें त्यांना आश्रय दिला. तेथें प्रवेशाची पात्रता गुणांनीं ठरली नव्हती. एका विद्यापीठानें जो अपराध मानला, तो दुसऱ्यानें मानला नाहीं, एवढ्यावर ती ठरली.

याच काळांतील आणखी एक गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. लातुरच्या मुलखांतून वाहणाऱ्या मांजरा नदीवर १९२३ ते १९३१ या अवधींत निजामसागर हें प्रचंड धरण बांधण्यांत आलें. तें मुख्य इंजिनियर नवाब अली नवाज जंग यांचें कर्तृत्व होय. नदी मराठवाड्यांतून गेली, धरण तेलंगणांत झालें. स्थळ निवडण्यास शास्त्रीय कारणें असतीलहि. परंतु जेथें इंजिनियर तयार होत नाहींत, तेथील गरजा नकाशावर मांडणाराहि कोणी नसतो. प्रवेशाचा प्रश्न केवळ नोकरीचा नसून पाण्याचाहि असतो, हें यावरून ध्यानीं येईल.

१७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामी राजवट संपली. नांदेडास १९५० सालीं पीपल्स कॉलेज निघालें, तेव्हां पदवीचें शिक्षण घराजवळ आलें. १९५३ च्या नागपूर करारांत धंदेशिक्षण व शास्त्रीय शिक्षण देणाऱ्या संस्थांमध्यें प्रत्येक विभागाच्या विद्यार्थ्यांसाठीं समन्यायी व पुरेशी तरतूद करण्याचें वचन दिलें गेलें. आणि १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीनें आलेल्या ३७१ व्या कलमाच्या दुसऱ्या पोटकलमांत विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्र यांस तांत्रिक शिक्षणाच्या पुरेशा सोयी न्याय्य रीतीनें मिळाव्यात, असें स्पष्ट शब्दांत नमूद झालें. एखाद्या प्रांतांतील मुलांच्या तांत्रिक शिक्षणाची काळजी थेट राज्यघटनेंत लिहिली जावी, ही सामान्य गोष्ट नव्हे. परंतु कागदावरील वचन आणि विटामातीची इमारत यांत बरेंच अंतर असतें. मराठवाडा विद्यापीठ १९५८ सालीं निघालें. औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगरास, सरकारी इंजिनियरिंग कॉलेज १९६० सालीं आलें. नांदेडास श्री गुरु गोविंदसिंगजी यांच्या नांवाचें कॉलेज १९८१ सालीं, आणि लातुरास बिडवे कॉलेज १९८३ सालीं. करारापासून नांदेडच्या कॉलेजापर्यंत २८ वर्षें गेलीं. करार झाला त्या वर्षीं जन्मलेला नांदेडचा मुलगा आपल्या गांवीं इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षास बसूं शकला असता, तर तो वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षीं!

या विलंबाचा हिशेब लोकांनीं मागितला. १९७४ च्या मराठवाडा विकास आंदोलनांत विद्यार्थीच पुढें होते आणि गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारख्या वृद्ध मंडळींनीं त्यांना दिशा दिली. पुढें १९८३ सालीं नेमलेल्या वि. म. दांडेकर यांच्या समितीनें प्रादेशिक असमतोलाचें मोजमाप केलें, तेव्हां रस्ते, पाटबंधारे, वीज यांच्या पंक्तीस तांत्रिक शिक्षणाचाहि अनुशेष मोजण्यांत आला. 'अनुशेष' हा शब्द मराठवाड्याच्या घरोघरीं त्यानंतरच रुळला. त्या समितीनें जी दृष्टि दाखविली ती आपल्या विषयास फार उपयोगी आहे: कमतरता आधीं सोयींत शोधावी, माणसांत नंतर.

१९८३ सालींच राज्य सरकारनें विनाअनुदान इंजिनियरिंग कॉलेजांस परवानगी दिली. जागा भराभर वाढल्या, पण दाराशीं आतां द्रव्याचा पहारा बसला. देणग्यांचा बाजार इतका माजला कीं १९८७ सालीं त्याविरुद्ध कायदा करावा लागला. भाषेचें दार गेलें, अंतराचें दार कांहींसें खुलें झालें, तोंच पैशाचें दार पुढें उभें राहिलें.

अशा स्थितींत लातुरानें एक निराळाच मार्ग काढला. १९७० सालीं स्थापन झालेल्या राजर्षि शाहू महाविद्यालयांत प्राचार्य जनार्दन वाघमारे व पुढें प्राचार्य अनिरुद्ध जाधव यांच्या काळांत जी शिकविण्याची पद्धत आकारास आली, तिला महाराष्ट्र 'लातूर पॅटर्न' म्हणून ओळखतो. तींत गूढ असें कांहीं नाहीं. अभ्यासक्रम वेळेआधीं पुरा करावयाचा, सुटींतहि वर्ग घ्यावयाचे, पुनःपुन्हा चांचण्या घ्यावयाच्या, उत्तरपत्रिका विद्यार्थ्यास दाखवून चूक कोठें झाली तें समजावून द्यावयाचें. यांतील प्रत्येक गोष्ट कोणत्याहि दक्ष शिक्षकास माहीत असते. ती वर्षानुवर्षें नेमानें करणें, हेंच दुर्मिळ. या पद्धतीनें एक ऐतिहासिक सिद्धांत प्रस्थापित केला. मुलें तींच, शेतें तींच, दुष्काळहि तोच; शिकविण्याची व्यवस्था बदलतांच निकाल बदलला. 'मराठवाड्याचीं मुलें मागें' असें म्हणणाऱ्यांचें तोंड याहून अधिक परिणामकारक रीतीनें कोणी बंद केलें नव्हतें.

परंतु यशाची एक छाया असते. लातूर व नांदेड येथें आज मराठवाड्याच्या कानाकोपऱ्यांतून मुलें शिकवणीसाठीं येतात. खोल्या, खानावळी व अभ्यासिका यांवर गल्ल्याच्या गल्ल्या जगतात. चौकाचौकांतील फलकांवर प्रवेश मिळालेल्यांचीं छायाचित्रें झळकतात. त्या फलकांवर अंश असतो, छेद नसतो. पांच निवडले गेले हें कळतें. ते पांच पन्नासांतले कीं पांचशांतले, हें कळत नाहीं. आणि संभव म्हणजे तर अंश व छेद मिळून होणारी गोष्ट! ज्या बापानें फक्त अंश पाहून एक एकर विकलें, त्याला कोणी फसविलें असेंहि म्हणतां येत नाहीं. त्याला अर्धेंच गणित दाखविलें गेलें.

तेव्हां आजच्या दाराचें माप घेऊन पाहूं. २०२४ सालीं जेईई मेन या परीक्षेस सुमारें १४ लाख १५ हजार विद्यार्थी बसले. त्यांतून निवडलेल्यांपैकीं सुमारें १ लाख ८० हजारांनीं पुढची 'अ‍ॅडव्हान्स्ड' परीक्षा दिली, ४८,२४८ उत्तीर्ण झाले, आणि २३ आय.आय.टीं.मधील एकंदर जागा होत्या १७,७४०. म्हणजे उत्तीर्ण झालेल्यांपैकींच तीस हजारांवर मुलांना तेथें जागा नव्हती, आणि मूळ परीक्षार्थींचा विचार केला तर साधारण ऐंशींस एक असें प्रमाण पडतें. पुष्कळ घरांत 'पर्सेंटाइल' व टक्के यांत घोटाळा होतो. ९९ पर्सेंटाइल म्हणजे शंभरांपैकीं ९९ गुण नव्हेत. शंभरांतील ९९ परीक्षार्थी आपल्या बरोबरीस वा मागें आहेत, एवढाच त्याचा अर्थ. चौदा लाखांत ९९ पर्सेंटाइल मिळविणाऱ्या मुलाच्या पुढें सुमारें चौदा हजार मुलें उभीं असतात. हा मुलगा मंद आहे असें कोण म्हणेल? तरीहि त्याच्या मनासारखी शाखा हातची जाऊं शकते.

येथेंच स्थानिक नियमांचें ज्ञान उपयोगीं पडतें. नागपूरच्या विश्वेश्वरय्या संस्थेसारख्या राष्ट्रीय संस्थांत निम्म्या जागा त्या त्या राज्यांतील विद्यार्थ्यांस असतात. म्हणून देशाच्या यादींतील क्रमांक पाहून निराश होण्यापूर्वीं राज्याच्या वांट्यांतील मागील वर्षांचे शेवटचे क्रमांक पाहावे. राज्याच्या प्रवेश-फेऱ्यांत बहुतेक कॉलेजांत ७० टक्के जागा विद्यापीठक्षेत्रांतील व ३० टक्के बाहेरच्या विद्यार्थ्यांस असतात. कांहीं संस्थांच्या जागा मात्र सर्व राज्यास सारख्या खुल्या असतात. शिवाय प्रवर्ग, शाखा व फेरी यांप्रमाणें शेवटचा क्रमांक निराळा असतो. मुलींसाठीं २०१८ पासून आय.आय.टीं.त वाढीव जागा निर्माण झाल्या आहेत. ज्या घरांत 'कोठें मिळेल' हा प्रश्न मुलासाठींच विचारला जाई, त्या घरांनीं हें विशेष ध्यानांत घ्यावें. मागील एकाच वर्षाचा शेवटचा क्रमांक पाहून भविष्य सांगूं नये. तीन-चार वर्षांचे पाहिले तर निदान चढउतार दिसतो.

आणि दाराचा आकारहि स्थिर नसतो. एकेकाळीं बारावीच्या पदार्थविज्ञान, रसायन व गणित या विषयांच्या गुणांवर प्रवेश होई. नव्या शतकाच्या आरंभीं राज्याची सामायिक परीक्षा आली. २०१४ व २०१५ सालीं तिच्या जागीं केंद्रीय जेईई मेनचे गुण जमेस धरले गेले. २०१६ पासून पुन्हा राज्याची परीक्षा आली. एकाच घरांतील तीन भावंडें तीन निराळ्या मापांनीं मोजलीं गेलीं असतील. थोरल्यास सावकाश, नीटनेटकें उत्तर लिहिण्याचें बक्षीस मिळालें. धाकट्यास त्याच सावकाशपणाचा दंड भरावा लागला. दोघांच्या बुद्धींत फरक होता कीं मापांत, हें आईबापांनींच ठरवावें.

याचा अर्थ श्रम व्यर्थ आहेत, असा कोणी काढूं नये. लातुरचा इतिहासच त्याविरुद्ध साक्ष देतो. दार कितीहि अरुंद असलें तरी तयारी असलेलाच आंत जातो, आणि ज्यास दार उघडें असूनहि तयारी नाहीं त्याची कींव कोणी करीत नाहीं. म्हणणें इतकेंच कीं, संभव मोजावयाचा तर दोन्ही बाजूंनीं मोजावा. आणि निकाल मनाविरुद्ध गेला तर त्याचा किती भाग मुलाच्या पदरीं व किती भाग दाराच्या माथीं टाकावयाचा, याची वांटणी प्रामाणिकपणें करावी. सतरा-अठरा वर्षांचा मुलगा ही वांटणी स्वतः करूं शकत नाहीं. तो सारा भार स्वतःवर घेतो. परगांवच्या खोलींत एकट्यानें घेतलेला असा भार कधीं कधीं जिवावर बेततो, हें शिकवणीच्या शहरांतील कोणाहि शिक्षकास सांगावें लागत नाहीं.

२०१६ च्या एप्रिलमध्यें मिरजेहून पाण्यानें भरलेली आगगाडी लातुरास आली, हें सर्वांस आठवत असेल. ज्या शहरानें राज्यास मोजतां येणार नाहींत इतके इंजिनियर व डॉक्टर दिले, तें शहर रेल्वेच्या पाण्यावर जगत होतें. मांजरा नदीस अद्यापि इंजिनियर हवे आहेत, आणि ते पवईहूनच यावेत असें तिचें म्हणणें नाहीं. नांदेडच्या वा लातुरच्या कॉलेजांतून आलेले तिला चालतील. १९५३ सालीं आपल्या वडिलधाऱ्यांनीं तांत्रिक शिक्षणाचा वांटा मागितला, तो प्रांताचा हक्क म्हणून मागितला. कलम ३७१ खालीं १९९४ सालीं नेमलेल्या विकास मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० रोजीं संपली, तेव्हां त्या हक्काचा हिशेब ठेवणारेंहि कोणी उरलें नाहीं. हक्काचा हिशेब सरकारदरबारीं मागावयाचा सोडून तो जेवणाच्या पाटावर बसलेल्या पोराकडे मागणें, यासारखा अन्याय नाहीं. पुढच्या उन्हाळ्यांत "याला कोठें मिळेल?" असा प्रश्न कोणी विचारला, तर उत्तर देणाऱ्यानें आधीं जागा किती, स्पर्धक किती व नियम कोणते हें विचारावें, आणि मगच मुलाच्या गुणपत्रिकेकडे नजर वळवावी.