सहा पेन्सचा व्यायामवर्ग

बायकांनी एकत्र जमून, संगीताच्या तालावर व्यायाम करायचा हे झुंबा आणि एरोबिक्सचे फॅड आहे, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात ही कल्पना बरीच जुनी आहे.

मेरी बॅगट स्टॅक या ब्रिटिश बाई लग्नानंतर काही काळ भारतात राहिल्या होत्या. तिथे त्यांची योगासनांशी ओळख झाली. त्यांचे पती लष्करी अधिकारी होते. 1914 मध्ये ते पहिल्या महायुद्धात मारले गेले आणि पदरात तान्ही मुलगी प्रुनेला घेऊन त्या एकट्या पडल्या. पुढे व्यायाम शिकवणे हेच त्यांनी आपले काम मानले. 1930 मध्ये लंडनमध्ये त्यांनी 'विमेन्स लीग ऑफ हेल्थ अँड ब्यूटी' ही संस्था काढली.

त्यांच्यासमोर होत्या ऑफिसात काम करणाऱ्या मुली आणि संसारात अडकलेल्या गृहिणी. वेळ कमी, पैसा त्याहून कमी. म्हणून एका वर्गाची फी ठेवली फक्त सहा पेन्स. सोबतीला संगीत आणि शिकवायला प्रशिक्षित शिक्षिका. काही वर्षांतच सभासदसंख्या लाखाच्या वर गेली. 1935 मध्ये मेरीबाई कर्करोगाने वारल्या, तेव्हा प्रुनेला जेमतेम 20 वर्षांची होती. तिने संस्था पुढे चालवली.

1969 मध्ये अमेरिकेत जुडी शेपर्ड मिसेट यांच्या नृत्यवर्गातून बायका गळू लागल्या. त्यांना नर्तिका व्हायचे नव्हते, फक्त तब्येत सुधारायची होती. जुडीबाईंनी स्टेप्स सोप्या केल्या आणि वर्ग पुन्हा भरू लागला. तोच पुढे 'जॅझरसाइझ' म्हणून प्रसिद्ध झाला.

या दोन्ही गोष्टींतून एकच धडा मिळतो: व्यायाम टिकतो तो परवडला, जमला आणि सोबत असली तर. आपल्याकडे झिम्मा-फुगडीत सोबत आणि ताल दोन्ही आहेत, पण ते खेळ सणापुरतेच उरतात.

वैद्यकीयदृष्ट्या सातत्यच महत्त्वाचे. पाळी थांबल्यावर इस्ट्रोजेन कमी होते आणि हाडांची झीज वाढते. वजन पेलणारे व्यायाम ही झीज मंदावतात. स्नायू हलले की रक्तातली साखर वापरली जाते. मनालाही उभारी येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांनी आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचे व्यायाम करावेत. आठवड्यातून तीन दिवस तासभराचा वर्ग केला, तर यातला मोठा भाग पूर्ण होतो.

एक गोष्ट बायका संकोचाने सांगत नाहीत. उड्या मारताना लघवीचे थेंब गळतात म्हणून अनेकजणी वर्ग गुपचूप सोडतात. कृपया सोडू नका. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम शिकून घेतले, तर बहुतेकींना फरक पडतो. रक्तदाब, मधुमेह किंवा गुडघेदुखी असेल तर सुरुवातीला डॉक्टरांचा सल्ला घ्या. व्यायाम करताना छातीत दुखले किंवा चक्कर आली तर लगेच थांबा आणि तपासून घ्या.

महागडा जिमच हवा असे नाही. सोसायटीचा हॉल, एक जाणती शिक्षिका आणि चार मैत्रिणी एवढ्यावरही सुरुवात करता येते.