कसोटीची अभिक्रिया

शिळ्या उसाचा रस आंबला म्हणजे गूळ नीट धरत नाही, हे निपाणी-संकेश्वर भागातील गुळव्यास पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. आम्लाच्या सान्निध्यात रसातील साखरेचे विघटन होऊन ग्लुकोज व फ्रुक्टोज तयार होतात. आम्ल मात्र खर्ची पडत नाही. स्वतः न संपता अभिक्रियेचा वेग वाढविणाऱ्या अशा पदार्थास उत्प्रेरक म्हणतात.

उत्प्रेरकांची पारख करण्याची रीतही साखरेपासूनच सुरू झाली. १८५० मध्ये विल्हेल्मी या जर्मन शास्त्रज्ञांनी साखरेच्या द्रावणातून जाणारा ध्रुवित प्रकाश किती वळतो हे मोजले आणि अभिक्रियेचा वेग उरलेल्या साखरेच्या प्रमाणात असतो, असे दाखविले. पुढे ओस्टवाल्ड यांनी याच अभिक्रियेने निरनिराळ्या आम्लांचे बळ तोलले. त्यांच्या लाइपझिग येथील प्रयोगशाळेत ब्रेडिग यांनी १८९८ च्या सुमारास पाण्याखाली प्लॅटिनमच्या तारांमध्ये विद्युत्‌ज्योत पाडून धातूचे अतिसूक्ष्म कण मिळविले व हायड्रोजन पेरॉक्साइडच्या विघटनावर त्यांचा कस पाहिला. आजच्या भाषेत ती नॅनोकणांचीच परीक्षा होती.

एकविसाव्या शतकात असे कण घडविण्याच्या वाटा झपाट्याने वाढल्या. २००४ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री व सहकाऱ्यांनी गवती चहाच्या अर्काने सोन्याचे त्रिकोणी नॅनोकण घडविल्याचे प्रसिद्ध केले. परंतु इतक्या परींच्या कणांत उत्प्रेरक म्हणून सरस कोणता, हे ठरविण्यास समान माप हवे. ते रूढ करण्यात खरगपूरच्या आय.आय.टी.तील तारासंकर पाल यांच्या गटाचा २००२ च्या सुमारास मोठा वाटा होता. ४-नायट्रोफेनॉलच्या द्रावणात सोडियम बोरोहायड्राइड घातले की ते गर्द पिवळे होते व तसेच राहते. त्यात धातूचे किंचित नॅनोकण टाकताच पिवळेपणा ओसरू लागतो. तयार होते ४-अमिनोफेनॉल, जे पॅरासिटामॉलच्या निर्मितीतही लागते. ४०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाचे शोषण कसे घटते, यावरून वेग कळतो. बोरोहायड्राइड विपुल ठेवल्याने नियम विल्हेल्मी यांचाच लागू पडतो.

मात्र तापमान, संहती आणि कणांचे एकूण पृष्ठफळ सारखे धरल्याखेरीज तुलना न्याय्य होत नाही. पाण्यात विरघळलेला प्राणवायूदेखील अभिक्रियेचा आरंभ लांबवितो. शिवाय या कसोटीस उतरलेला कण कारखान्यातील दुसऱ्या अभिक्रियेत तितकाच उपयोगी पडेल, असेही नाही. म्हणून प्रयोगशाळांत व कारखान्यांत काम करणाऱ्या आपल्या माजी विद्यार्थ्यांनी ‘दुप्पट कार्यक्षम’ असा दावा ऐकताच प्रथम विचारावे: कशाच्या तुलनेत, आणि कोणत्या मापाने?