विस्तव मोठ्यांचा, पीठ पोरांचं

घरी केक-बिस्किटं करणं हे मोबाइलनं शिकवलेलं खूळ आहे, असं आमच्या खामगावातली वयस्क मंडळी म्हणतात. मी जन्मभर शाळेत शिकवलं, आता नातवंडांत रमते. मला काही ते पटत नाही. बुलडाणा जिल्ह्यात पोरांनी पीठ हाताळायचं आणि मोठ्यांनी विस्तव सांभाळायचा, ही वाटणी जुनीच आहे. बदलत गेली ती भट्टी.

पहिली भट्टी वावरातली. चुलीचा जाळ खालून लागतो. त्यावर भाकर होते, वरण शिजतं. पण कणकेचा जाड गोळा आतपर्यंत भाजायचा तर धग चहूबाजूंनी हवी. ती गोवऱ्यांच्या आरातून मिळते. म्हणून असे गोळे, म्हणजे रोडगे, घरात नव्हे, वावरात किंवा मारुतीच्या देवळापुढे व्हायचे. जाडसर दळलेली कणिक, मीठ, ओवा, तेलाचं मोहन. घरात चुलीजवळ फिरकू न देणारी माझी आजी तिथं मात्र हाक मारायची, "पोट्टेहो, हात धुऊन या बरं!" गोळे आम्ही वळायचे; आरात टाकायचे, उलटायचे आणि राख झटकून काढायचे ते बाप्यांनी. मग कुस्करलेला रोडगा, त्यावर तूप, वरण आणि वांग्याची भाजी.

दुसरी भट्टी कापसाच्या पैशामागून आली. 1853 च्या तहानं निजामाकडचा आमचा वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात गेला. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस अडला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोचली; 1870 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयोच्या हस्ते जलंब-खामगाव फाटा सुरू झाला. जिनिंग-प्रेसिंगमागे व्यापारी आले, हमाल आले, चहाची दुकानं आली. अशा गावात पाव-बिस्किटाची भट्टी पेटायला उशीर लागत नाही.

या भट्टीतली नानकटाई आपल्याकडे सुरतेची म्हणून ओळखली जाते. तिथल्या डच वखारीसाठी पाव भाजणाऱ्या पारशी बेकरांनी ती घडवली, असं सांगतात. आमच्याकडच्या घरांत ती रुळली ती डालड्यामुळे. 1937 मध्ये डालडा हे वनस्पती तूप बाजारात आलं. घरचं तूप देवाला आणि बाळंतिणीला लागायचं, ते किलोच्या हिशेबानं मैद्यात कोण ओतणार?

मला आठवते ती भट्टी साठच्या दशकातली. दिवाळीआधी आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथं नंबर लागायचे. साखर रेशनची, म्हणून आई ती महिना-महिना बाजूला टाकून साठवायची. सामान घरचं: किलोभर मैद्याला पाऊण किलो डालडा आणि पाऊण किलो पिठीसाखर, वर वेलदोडा. डालडा आणि साखर पांढरीशुभ्र होईस्तोवर तळहातानं फेसायची, मग मैदा. गोळे वळून पत्र्यावर मांडायचं काम आम्हा भावंडांचं. भट्टीवाले चाचा लांब दांड्याच्या लाकडी फावड्यानं पत्रे आत सरकवायचे आणि कुणाचा पत्रा कुठला ते अचूक सांगायचे. भाजणावळ चुकती करायची, नानकटाई निवाली की तेलाच्या रिकाम्या डब्यात भरायची. अंड्याला न शिवणारी आमची सोवळी आत्याही या भट्टीतली नानकटाई खायची, कारण पीठ घरचं होतं आणि मळताना आई समोर उभी असायची.

तिसरी भट्टी म्हणजे आताचा कुकर. त्यात होतो तो केळ्याचा केक मूळचा अमेरिकेतला. बेकिंग पावडर आणि सोडा घरोघर पोचल्यावर, 1930 च्या दशकातल्या मंदीत काळी पडलेली केळी फेकणं जिवावर आलं, तेव्हा तो तिथं घराघरांत रुळला. 2020 च्या टाळेबंदीत तो जगभर फिरला आणि आमच्या स्वयंपाकघरातही शिरला. केळीला इथं तोटा नाही. मलकापूर ओलांडलं की जळगावचा केळीपट्टा सुरू होतो. त्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं आहे.

केळं जितकं काळं, तितका त्यातल्या पिठूळपणाचा गोडवा झालेला. तेच अंड्याच्या जागी पीठ बांधून धरतं. तीन केळी नातवंडं कुस्करतात. त्यात वाटीभर गूळ, अर्धी वाटी दही, पाव वाटी तेल, दीड वाटी कणिक आणि चमचाभर सोडा. दह्याचा आंबटपणा सोड्याला लगेच फुलवतो, म्हणून मिश्रण खोळंबून ठेवायचं नाही. कुकरची शिट्टी आणि रिंग काढून तळाशी मिठाचा थर द्यायचा, त्यावर जाळी, जाळीवर भांडं. मंद आचेवर पाऊण तास. कुकरला हात फक्त माझा.

गावची भट्टी गेली, तशी शेजाऱ्यांसोबतची रांगही गेली. केकची हौस नवी असेल, पण पोरांना पिठात हात घालू देण्याची रीत आपलीच आहे. घरात केळी काळी पडली तर टाकू नका. पोरांपुढे परात ठेवा आणि गॅसपाशी तुम्ही उभे राहा.