विचारायचं कोणाला?

नोटीस साध्या कागदावर होती. जेवणघराच्या दाराशेजारी, त्या आठवड्याच्या जेवणाच्या यादीखाली चिकटवलेली. हे घर बंद करण्याचा प्रस्ताव आहे आणि त्यावर रहिवाशांचं म्हणणं ऐकून घेतलं जाईल, एवढंच तिच्यात लिहिलं होतं.

उत्तर इंग्लंडातल्या एका गावात मी तेव्हा शिकत होतो. शनिवार-रविवार तिथल्या कौन्सिलच्या वृद्धांच्या घरात कामाला जायचो. कौन्सिल म्हणजे आपल्या नगरपालिकेसारखी, निवडून आलेली स्थानिक संस्था. भांडी घासायची, चहाची ट्रॉली फिरवायची, असली कामं. तीसेक म्हातारी माणसं तिथं राहायची.

त्या दिवशी चहा देताना एका बाईंनी मला थांबवलं. नव्वदीला टेकलेल्या, तरुणपणी कापडगिरणीत काम केलेल्या. तिथल्या रीतीप्रमाणे मी त्यांना नावानं हाक मारायचो. मनात मात्र आजीच म्हणायचो. "बंद करायचं कोणी ठरवलं?" त्यांनी विचारलं.

"कौन्सिलनं," मी म्हटलं.

"मग बघते. आमच्या वॉर्डाचा कौन्सिलर कुठं राहतो, ते मला ठाऊक आहे."

मला हसू आलं होतं. ते वाक्य किती महाग होतं, हे मला पुढं या घरांचा इतिहास वाचायला लागल्यावर समजलं.

आजींचा एक हट्ट होता. गावातल्या जुन्या इस्पितळात त्या पाऊल ठेवायच्या नाहीत. कारण ती इमारत एके काळी वर्कहाऊस होती. १८३४च्या कायद्यानं इंग्लंडभर वर्कहाऊसची व्यवस्था पक्की केली. तत्त्व असं, की आत मिळणारं आयुष्य बाहेरच्या सर्वांत गरीब मजुराच्या आयुष्यापेक्षाही हलकं असलं पाहिजे, म्हणजे अगदी नाइलाज झालेलाच आत येईल. बायका एकीकडे, पुरुष दुसरीकडे. काम न मिळणाऱ्या धडधाकट माणसाला धाक बसावा म्हणून हे सगळं उभारलं. पण काळ गेला तसे आत उरले ते मुख्यतः म्हातारे आणि आजारी. १९३०मध्ये या संस्था कौन्सिलांच्या ताब्यात आल्या. पाटी बदलली, भिंती त्याच राहिल्या. लोक वर्कहाऊसच म्हणत राहिले आणि घाबरतही राहिले.

५ जुलै १९४८ला ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. त्याच दिवशी आणखी एक कायदा अमलात आला, 'नॅशनल असिस्टन्स ॲक्ट'. जुना दारिद्र्य कायदा यापुढे लागू राहणार नाही, असं त्याच्या सुरुवातीलाच म्हटलं आहे. वयामुळं किंवा आजारपणामुळं ज्यांना देखभालीची गरज आहे आणि ती दुसरीकडून मिळत नाही, त्यांना राहायला जागा देण्याची जबाबदारी कायद्याच्या तिसऱ्या भागात कौन्सिलांवर टाकली. म्हणून पुढची कित्येक वर्षं या घरांना नुसतं 'पार्ट थ्री' म्हणायचे.

आरोग्यमंत्री अन्युरिन बेव्हन यांनी संसदेत मांडलेली कल्पना मला फार आवडते. वर्कहाऊसमध्ये नातं मालक आणि कैदी असं असायचं. नव्या घरात ते हॉटेलचा व्यवस्थापक आणि पाहुणा यांच्यासारखं असावं. घरं लहान, पंचवीस-तीस जणांची. आणि फुकट नाही! पेन्शन २६ शिलिंग, त्यातले २१ घराला द्यायचे, ५ स्वतःच्या खिशात ठेवायचे. ज्यानं पैसे मोजले त्याला तक्रार करण्याचा हक्क आला, हा त्यामागचा साधा हिशेब. आजींच्या वाक्यातला तोरा इथून आला होता.

पण कल्पना आणि विटा यांचं गणित लवकर जुळलं नाही. युद्धानंतर बांधकामाला ना पैसा होता ना माल. समाजशास्त्रज्ञ पीटर टाउनसेंड यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंड-वेल्समधल्या १७३ संस्था पाहिल्या. एका जुन्या वर्कहाऊसमध्ये त्यांनी स्वतः मदतनिसाचं काम केलं, म्हाताऱ्यांना अंघोळी घातल्या. १९६२मध्ये त्यांचं 'द लास्ट रेफ्यूज' आलं. दहा-बारा वर्षांनंतरही कौन्सिलांकडचे निम्म्याहून जास्त वृद्ध जुन्या वर्कहाऊसच्या इमारतींतच होते, असं त्यांनी दाखवून दिलं.

त्यांचा निष्कर्ष मात्र आपण धरून चालतो तसा नव्हता. 'चांगली घरं बांधा' एवढ्यावर ते थांबले नाहीत. सामुदायिक घरांची ही पद्धतच हळूहळू बंद करा, असं ते म्हणाले. त्याऐवजी म्हाताऱ्यांना स्वतःचं दार असलेली लहान घरं द्या आणि मदत त्या दारापर्यंत न्या. म्हणजे बंद करण्याची मागणी पहिल्यांदा जोरात केली, ती म्हाताऱ्यांच्या बाजूनं बोलणाऱ्या माणसानं. म्हणूनच बंद करणारे सगळे वाईट आणि विरोध करणारे सगळे चांगले, अशी विभागणी मला करता येत नाही. आमचंही घर काही स्वर्ग नव्हतं. खोल्या अरुंद, न्हाणीघर बोळाच्या टोकाला, रात्री-अपरात्री काठी टेकत जायचं.

टाउनसेंड म्हणत होते त्यातलं थोडं झालंही. 'शेल्टर्ड हाउसिंग' नावाची घरं उभी राहिली. प्रत्येकाचा स्वतंत्र छोटा फ्लॅट, न्हाणीघरात लोंबणारी दोरी, ती ओढली की आवारात राहणारा वॉर्डन धावत येणार. २००३मध्ये अशा आधारासाठी सरकारनं १८० कोटी पौंडांचा राखीव निधी उभा केला. २००९मध्ये तो राखीव असण्याची अट काढली. मग काटकसरीचे दिवस आले आणि वॉर्डनच्या नोकऱ्या जागोजागी गेल्या. दोरी राहिली, ओढल्यावर आवाज येतो तो दूरच्या कॉल सेंटरमधून.

सामुदायिक घरांचं नशीब मात्र वेगळ्याच ठिकाणी फिरलं, आणि तेही कोणी मोठी घोषणा न करता. १९८०च्या आसपास निम्म्याहून जास्त वृद्ध कौन्सिलच्याच घरांत होते. त्याच वर्षी सामाजिक सुरक्षेचे नियम बदलले. समजा, एका गरीब आजींपुढं दोन दारं आहेत. कौन्सिलच्या घरात गेल्या, तर खर्च कौन्सिलच्या तिजोरीतून. खाजगी घरात गेल्या, तर बिल केंद्र सरकार भरणार, आणि त्यांना खरंच अशा घराची गरज आहे का, हे कोणी तपासणारही नाही. कोणता हिशेबनीस पहिलं दार उघडेल? समुद्रकाठच्या गावांतले लॉज भराभर वृद्धांची घरं झाले. १९७९मध्ये सरकारचा यावरचा खर्च १ कोटी पौंड होता. दशक सरता सरता तो १०० कोटींवर गेला.

सरकार घाबरलं. सेन्सबरी या दुकानसाखळीचे व्यवस्थापकीय संचालक रॉय ग्रिफिथ्स यांना अहवाल द्यायला सांगितलं. तो १९८८मध्ये आला, १९९०मध्ये कायदा झाला आणि एप्रिल १९९३पासून पैसा आणि गरज तपासण्याचं काम दोन्ही कौन्सिलांकडे आलं. पण अट होती: या हस्तांतरित पैशातले ८५ टक्के कौन्सिलबाहेरच्या, म्हणजे खाजगी किंवा धर्मादाय संस्थांवर खर्च करायचे. स्वयंपाक करणाऱ्यालाच सांगावं, की किराणा तू भर, पण जेवण मात्र बाहेरून मागव. स्वतःचं घर चालवणं कौन्सिलला परवडेनासं झालं. घर फिरलं की घराचे वासे फिरतात, तसं झालं. आधी डागडुजी थांबली, मग रिकाम्या खोल्या भरणं थांबलं. पुढं खोल्यांचे नवे निकष आले, त्यात या जुन्या इमारती बसेनात. मग 'इमारत योग्य नाही' हे कारण खरंच झालं.

काही रहिवासी कोर्टात गेले. एक्सेटरच्या 'मार्डन हाउस'मधल्या रहिवाशांना आरोग्य प्राधिकरणानं सांगितलं होतं, की हे तुमचं जन्मभराचं घर. काही वर्षांतच ते बंद करायचं ठरलं. १९९९मध्ये अपील न्यायालयानं निकाल दिला, की असा शब्द मोडायला नुसती पैशाची अडचण पुरेशी नाही. तो निकाल आजही कायद्याचे विद्यार्थी वाचतात. पण दोनच वर्षांनी प्लिमथच्या कौन्सिलचं घर वाचवायला रहिवासी आले, तेव्हा त्याच न्यायालयानं सांगितलं, आधी तक्रार यंत्रणेकडे जा, कोर्टाची पायरी शेवटी चढा. २००७मध्ये बर्मिंगहॅमच्या प्रकरणात सर्वोच्च पातळीवर तीन विरुद्ध दोन असा निकाल लागला, की कौन्सिलनं पैसे भरून खाजगी घरात ठेवलेल्या वृद्धाला त्या घराविरुद्ध मानवी हक्कांचा कायदा वापरता येत नाही. पुढच्या वर्षी संसदेनं कायदा करून ती फट बुजवली.

२०११मध्ये 'सदर्न क्रॉस' ही सर्वांत मोठी खाजगी कंपनी कोसळली. साडेसातशेच्या आसपास घरं, ३१ हजार वृद्ध. इमारती विकून त्याच भाड्यानं घेतलेल्या. भाडं वाढत गेलं, खोल्या रिकाम्या राहिल्या. बहुतेक घरं दुसऱ्या चालकांनी घेतली. पण कित्येक घरांत त्या दिवसांत लोकांना एकच प्रश्न होता: आमच्या घराचा मालक नक्की कोण? २०१४च्या कायद्यानं इंग्लंडमध्ये असा चालक बुडाला तर वृद्धांची सोय लावण्याचं काम पुन्हा कौन्सिलवरच टाकलं. घरं गेली, जबाबदारी फिरून तिथंच आली.

आमचं घर बंद झालं. सभा झाल्या, कौन्सिलर येऊन गेले, आजी त्यांना टाकून बोलल्या. शेवटी मत मोजलं गेलं आणि आम्ही हरलो. पण कोणी हरवलं, ते माहीत होतं.

काही महिन्यांनी मी आजींना भेटायला नव्या घरी गेलो. खोली मोठी, न्हाणीघर आतच, गालिचा नवा. टाउनसेंडनाही खोली पसंत पडली असती. आजींची तक्रार एकच होती. जुन्या घरी सकाळी उकडलेलं अंडं मिळायचं, इथं बंद केलंय. पोरींना विचारलं, तर त्या म्हणतात, वरून सांगितलंय.

"वरून म्हणजे कुठून? विचारायचं कोणाला?"

कागदावर याचं उत्तर आहे. तपासणी करणारी संस्था आहे, तक्रार लवाद आहे. मी खाली जाऊन दाराजवळच्या पाटीवरून कंपनीचं नाव आणि फोन नंबर एका चिठ्ठीवर उतरवून आणला. आजींनी चष्मा लावला, चिठ्ठी डोळ्यांजवळ धरून दोनदा वाचली.

"आणि हे राहतात कुठं?" त्यांनी विचारलं.