टर्बोच्या आधी इंजेक्टर: पल्सर २२०च्या निमित्ताने

मागच्या व्याख्यानानंतर नेरुळच्या एका मुलाने मला पिशवीतून पिस्टन काढून दाखवला. मधोमध भोक, बोट आरपार जाईल एवढं. मोटरसायकलला जुन्या डिझेल गाडीचा छोटा टर्बो बसवला होता, इंजेक्टर मात्र होता तोच ठेवला. "सर, हवा तर भरपूर जात होती, मग चुकलं कुठे?" असं त्याने विचारलं. उत्तर त्या प्रश्नातच आहे, पण त्यासाठी थोडं मागे जाऊ.

एक्झॉस्टमधून वाया जाणाऱ्या वायूवर चक्र फिरवायचं आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने हवा दाबून इंजिनात भरायची, या कल्पनेचं पेटंट स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ साली घेतलं. जहाजं, ट्रक यांना ती लाभली. मोटरसायकलींवर तिची लाट आली ती १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला. होंडाने सीएक्स ५०० टर्बोला संगणकाच्या ताब्यातलं इंजेक्शन दिलं, यामाहाने आपल्या ६५० टर्बोत कार्ब्युरेटरच ठेवले. सुझुकी आणि कावासाकीही उतरले. दशक अर्धं सरेपर्यंत सगळ्यांनी दुकान आवरलं. वजन, किंमत, आणि मूठ पिळल्यावर थोडं थांबून एकदम येणारा जोर! वळणावर तो कुणाला हवाय? आपल्याकडे तेव्हा लोक स्कूटरसाठी नंबर लावून बसले होते, हेही लक्षात घ्या.

आता पुण्याकडे येऊ. बजाजची पल्सर २००१ला आली. २००६ला हीरो होंडाच्या ग्लॅमरमध्ये इंजेक्शन आलं होतं, आणि २००७ला बजाजने पल्सर २२० डीटीएस-एफआय काढली: २२० सीसी, साधारण २० अश्वशक्ती, ८५०० फेऱ्यांना. आणि पुढे काय झालं? २००९ला त्याच गाडीतून इंजेक्शन काढून कार्ब्युरेटर घातला, किंमत उतरली आणि ताकद उलट एकविसावर गेली. लोकांनी ती डोक्यावर घेतली. काहीजण याला माघार म्हणतात. मला ते पटत नाही. गल्लीतल्या मेकॅनिकला प्लगचा रंग बघून, स्क्रू पाव आटा फिरवून, कानाने गाडी लावता येत होती, इंजेक्शनला हात लावायला तो घाबरायचा. गिऱ्हाइकाने मेकॅनिकसकट गाडी विकत घेतली, असं म्हणा ना! १ एप्रिल २०२०ला बीएस-६ लागू झालं तेव्हा २२०मध्ये इंजेक्शन परत आलं. कानाचं काम संपलं, गणिताचं सुरू झालं.

ते गणित करून बघू. पेट्रोल इंजिनाला एका अश्वशक्तीसाठी तासाला ढोबळमानाने २५० ग्रॅम इंधन लागतं. २० अश्वशक्तीला ५ किलो, म्हणजे पावणेसात लिटर, म्हणजेच मिनिटाला ११२ सीसी. इंजेक्टर सतत उघडा ठेवायचा नसतो, ८० टक्के वेळ धरतात. म्हणून ११२ला ०.८ने भागा: १४० सीसीचा इंजेक्टर. आता टर्बोने ३२ अश्वशक्ती काढायची म्हटली, तर दाबलेल्या हवेत मिश्रण थोडं जाड ठेवावं लागतं. ३०० ग्रॅम धरा. उत्तर येतं २७० सीसीच्या आसपास. जवळजवळ दुप्पट!

वेळेकडे बघा. चार-स्ट्रोक इंजिनात दोन फेऱ्यांत एकदाच इंधन लागतं. ८५०० फेऱ्यांना दोन फेऱ्या म्हणजे फक्त १४ मिलिसेकंद, त्यातले ८० टक्के म्हणजे ११. लहान इंजेक्टर त्या ११मध्ये पुरेसं ओतूच शकत नाही. मग सरळ ५०० सीसीचा बसवावा का? नाही. गाडी जागेवर उभी असताना लागणारा थेंब इतका बारीक असतो की मोठा इंजेक्टर तो नीट मोजू शकत नाही. सिग्नलला गाडी बंद पडते, धूर ओकते.

आणखी एक मेख आहे. पंप इंधन ३ बारने ढकलतो, पण समोरून टर्बोची हवा अर्ध्या बारने उलट ढकलत असेल तर प्रत्यक्ष फरक उरतो अडीच बार. प्रवाह दाबाच्या वर्गमुळाने बदलतो, म्हणजे नऊ टक्के इंधन गेलंच. रेग्युलेटरला इनटेकच्या दाबाशी नळीने जोडलं नाही, तर इंजेक्टरवर छापलेला आकडा फसवतो. आणि आपल्या बहुतेक गाड्यांत तो टाकीतच, पंपाबरोबर बसलेला असतो.

त्या मुलाचा पिस्टन असाच गेला. हवा वाढली, पेट्रोल तेवढंच राहिलं. पातळ मिश्रण, त्यात स्फोटक ज्वलन, ॲल्युमिनियम मऊ पडलं. तो पाम बीच रोडवर होता. मागचं चाक जाम झालं नाही, हे त्याचं नशीब. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलात असा बदल रस्त्यावरच्या गाडीत चालत नाही, हेही मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "मग ट्रॅकवर?" ट्रॅकवर हरकत नाही, पण आधी एक्झॉस्टमध्ये वाइडबँड सेन्सर लाव आणि डायनोवर गाडी चढव, असं म्हटलं. पिस्टन त्याने माझ्याकडेच ठेवलाय. बाहेर टेबलावर आहे, जाताना बघून जा.