एल्हस्विथ
एल्हस्विथ (मृत्यू: इ.स. ९०२) ही वेसेक्सचा राजा आल्फ्रेड द ग्रेट याची पत्नी व एडवर्ड द एल्डर याची माता होती. तिचा विवाह इ.स. ८६८ मध्ये झाला.

वंश
तिचा पिता एथेलरेड म्यूसेल हा गायनी नावाच्या जमातीचा सरदार होता. माता एडबर्ह ही मर्सियाच्या राजघराण्यातील होती. आल्फ्रेडचा चरित्रकार ॲसर याने एडबर्हला स्वतः पाहिले होते. त्याने एल्हस्विथच्या मातापित्यांची नावे नोंदवली. तिचे स्वतःचे नाव मात्र चरित्रात कोठेही दिलेले नाही. वेसेक्समध्ये त्या काळी राजपत्नीस 'राणी' म्हणण्याची प्रथा नव्हती. एल्हस्विथचे नाव आल्फ्रेडच्या मृत्युपत्रात आढळते.

तिची कन्या एथेलफ्लेड हिने पुढे इ.स. ९११ ते ९१८ या काळात मर्सियाचा, म्हणजे आपल्या आजोळचा, कारभार पाहिला.